जेनेटिक कौन्सेलर व्हायचंय: बीएस्सीनंतर शिक्षण कुठे, आणि नोकरीचं काय?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी वर्ध्याची, बायोटेक्नॉलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथे बरेच डॉक्टर आणि परदेशात राहणारे लोक आहेत म्हणून विचारते.

माझ्या मावसभावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. लहानपणी सुट्टीत मावशीकडे गेले की रात्री त्याचे हातपाय ठणकायचे आणि मावशी कापडाच्या पुरचुंडीनं त्याचे गुडघे शेकत बसायची. मी आठवीत असताना एकदा त्यांच्यासोबत मोठ्या दवाखान्यात गेले होते. तिथे एका मॅडमनी मावशी-मावसाजींना समोर बसवून कागदावर चित्र काढून हा आजार पोरात कसा आला ते सांगितलं. चाळीस मिनिटं तरी लागली असतील. बाहेर आल्यावर मावशी पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्हंजे माह्या हातून काही चुकलं नव्हतं." तोवर सगळे तिला सांगत होते की गरोदरपणात तू हे खाल्लं, ते उचललं.

त्या मॅडम डॉक्टर नव्हत्या, जेनेटिक कौन्सेलर होत्या, हे मला मागच्या वर्षी कळलं. तेव्हापासून हेच करायचं डोक्यात आहे. बाबा म्हणतात बीएड कर नाहीतर स्पर्धा परीक्षा दे, या नावाची नोकरी आपल्याकडे कोणी ऐकली आहे का? त्यांचंही चूक नाही, मलाही कोणी भेटलेलं नाही. शिक्षण कुठे मिळतं, पगार किती, नोकरी लागते का, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी यात टिकेल का, एवढं सांगा.

अबोली

रानजाई, धागा दिसला आणि लगेच लॉगिन केलं. मी पुण्यात गेली नऊ वर्षं हेच काम करते. आधी गर्भवतींसोबत, आता जास्त करून कॅन्सरच्या कुटुंबांसोबत.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण अ‍ॅडमिशन घेतलेल्या मुलींनासुद्धा ते माहीत नसतं. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, समजावून सांगितला, असं लोकांना वाटतं. रिपोर्ट फार नंतर येतो. सुरुवात कोऱ्या कागदानं होते. त्यावर त्या घराच्या तीन पिढ्या काढायच्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असेल तर आकृती भरायची, माणूस गेलेलं असेल तर तिरपी रेघ मारायची. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांमध्ये दुहेरी रेघ. ज्याच्यासाठी कुटुंब आलंय त्याच्याकडे बाण.

हे चित्र पाठ करायला एक तास पुरतो, काढायला शिकण्यात माझी काही वर्षं गेली. एक जोडपं आलं होतं, सोबत सासूबाई. पहिलं मूल फिट येऊन वर्षाच्या आत गेलेलं. मी विचारलं, नात्यात लग्न झालंय का? तिघंही म्हणाली, नाही. अर्ध्या तासानं सुनेचं माहेर विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या भावाचीच लेक ती." त्या खोटं बोलत नव्हत्या. मामाची मुलगी करणं हे त्यांच्या लेखी 'नात्यातलं लग्न' नव्हतंच, ती रीत होती. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. आता विचारते, "लग्नाआधी तुम्ही एकमेकांचे कोण लागत होता?" मग त्यांना त्यांच्या लग्नाचं विचारलं. त्यांनाही आत्याच्या घरीच दिलेलं. दुसरी दुहेरी रेघ. मी पेन्सिल खाली ठेवली आणि गप्प बसले. थोड्या वेळानं त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या, "एक मधला होता माझा. आठव्या महिन्यात गेला. त्यालाही असंच व्हायचं." नवऱ्याला आपल्याला आणखी एक भाऊ होता हे त्या दिवशी कळलं. नेमकी कुठली तपासणी करायची याची दिशा त्या एका तिरप्या रेघेनं मिळाली.

मराठी माध्यमाचं विचारलंस ना? इंग्रजी वाचावं लागेल, शोधनिबंध, रिपोर्ट सगळं इंग्रजीत, ते जमवावंच लागेल. पण खोलीत जे घडतं ते मराठीतच घडतं.

आता शिक्षण. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात जेनेटिक कौन्सेलिंगचाच दोन वर्षांचा एमएस्सी आहे. हैदराबादला कामिनेनी हॉस्पिटलमध्ये २००७ मध्ये हे प्रशिक्षण सुरू झालं, आपल्या देशातली पद्धतशीर सुरुवात तिथली मानतात. बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग, इंडिया ही संस्था प्रमाणपत्र देते, अभ्यासक्रमानंतर ते घ्यावं. ह्युमन जेनेटिक्सचा एमएस्सी अनेक विद्यापीठांत आहे, पण तो बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसाठी तयार करतो. तो केलास तर पुढे कौन्सेलिंगचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागेल. कुठेही फॉर्म भरण्याआधी एकच प्रश्न विचार: दोन वर्षांत मी किती कुटुंबांसमोर बसेन, आणि तेव्हा माझ्या शेजारी कोण बसलेलं असेल? उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा सोड. सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून कोणी कौन्सेलर होत नाही.

पगाराचं आणि नोकरीचं रात्री लिहिते, ओपीडी सुरू होतेय.

तळेगावकर

चांगला धागा. एक शंका. आमच्या सोसायटीत एक जण आले होते, मुलाच्या लाळेची तपासणी करून त्याचा कल कुठे, खेळात जावं की संगीतात ते सांगतो म्हणाले. स्वतःला जेनेटिक कौन्सेलर म्हणवत होते. हे तेच का?

अबोली

@तळेगावकर, नाही. कृपया पैसे देऊ नका. मुलानं तबला शिकावा की क्रिकेट खेळावं हे सांगणारी कुठलीही जनुकीय तपासणी नाही. आम्ही आजाराबद्दल, आणि तो घरात कसा उतरतो त्याबद्दल बोलतो. आणि आम्ही 'हे करा' असं सांगत नाही. माहिती, शक्यता आणि पर्याय समोर ठेवतो, निर्णय कुटुंबाचा. औषध लिहिणं आमच्याकडे नाही. ते मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम वगैरे केलेल्या डॉक्टरांचं काम, आम्ही त्यांच्यासोबत बसतो.

मोरपीस

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली बाई आहे.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. चार वर्षांचा होता तेव्हा त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, सगळे म्हणायचे पैलवान होणार. मला फक्त एवढंच दिसायचं की जमिनीवरून उठताना तो हात आधी गुडघ्यावर, मग मांडीवर टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. सहाव्या वर्षी निदान झालं. ज्या दवाखान्यात जेनेटिक रिपोर्ट मिळाला तिथे पाकीट देणाऱ्या माणसानं कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या सांगितलं, "हे आईकडून येतं." माझ्या सासूबाई शेजारी होत्या. बस्स. त्या तीन शब्दांनी आमच्या घरात दोन वर्षं काढली. माझ्या हातचं ताट त्यांनी परत पाठवलेलं मी पाहिलंय.

पुढे दुसऱ्या शहरात एका कौन्सेलरकडे गेलो. तिनं सासूबाईंनाही आत बोलावलं, आणि त्यांच्याशी बोलायला सुरुवात त्यांच्या गुडघेदुखीपासून केली. मग सांगितलं की जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानंच होतो, आईतही नसतो. माझी तपासणी झाली, मी वाहक निघाले, म्हणजे बदल माझ्यात होता पण मला आजार नव्हता. म्हणजे तो माणूस चूक बोलला नव्हता. पण तिनं जे सांगितलं ते असं होतं: "ताई, हे तुम्ही दिलेलं नाही. तुमच्याकडून गेलं आहे. तुमच्याकडेही ते कुठून तरी आलेलंच आहे." दिलं आणि गेलं यातला फरक सासूबाईंना मराठीत कळला. त्या रडल्या. मी नाही रडले, मला झोप आली. गाडीत बसल्या-बसल्या झोपले, कितीतरी महिन्यांनी.

मग माझ्या धाकट्या बहिणीचा प्रश्न आला. तिचं लग्न जुळवत होते. आई म्हणाली, तिच्या कानावर जाऊ देऊ नका, स्थळं परत जातील. मी कौन्सेलरला म्हटलं, तुम्हीच तिला फोन करून सांगा. तिनं स्पष्ट नकार दिला, माझी माहिती माझ्या परवानगीनं का होईना, पण तिनं परस्पर पोचवायची नाही म्हणाली. तिनं मला एकच विचारलं, "बहिणीला तीन वर्षांनी कळलं तर ती तुम्हाला काय विचारेल?" आणि बहिणीला देण्यासाठी एक पत्र लिहून दिलं, साध्या भाषेत, कुठे यायचं ते सांगणारं. मी ते चार महिने कपाटात ठेवलं. मग दिलं. तिचा रिपोर्ट काय आला ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

रानजाई, तू नक्की हे काम कर. आणि कधीही, कोणालाही, कॉरिडॉरमध्ये काही सांगू नकोस.

तळेगावकर

ताई, वाचून सुन्न झालो. मुलाला आशीर्वाद.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत अकरा वर्षं प्रसूतिपूर्व विभागात कौन्सेलर आहे, मूळची डोंबिवलीची. अमेरिकेबद्दल विचार असेल तर थोडं सांगते.

'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्दच इथला. मिनेसोटा विद्यापीठातल्या शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये तो वापरात आणला. तेव्हा वंशशुद्धीच्या नावाखाली लोकांनी काय केलं हे जगानं नुकतंच पाहिलं होतं, आणि रीड यांना त्यापासून वेगळी वाट हवी होती: कुटुंबाच्या बाजूनं विचार करणारी. पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात १९६९ मध्ये सुरू झाला. ते तेव्हा मुख्यतः मुलींचं कॉलेज, आणि आजही या व्यवसायात बायकाच बहुसंख्य आहेत. आता अमेरिका आणि कॅनडात मिळून पन्नासहून अधिक अभ्यासक्रम आहेत.

पण प्रवेश सोपा नाही. प्रत्येक वर्गात जागा थोड्या असतात. मुलाखतींनंतर तुम्ही तुमची पसंती क्रमानं लिहायची, कॉलेजांनी त्यांची, आणि एका ठरलेल्या दिवशी संगणक जोड्या लावतो. चांगल्या मुलीसुद्धा पहिल्या वर्षी राहतात आणि पुन्हा अर्ज करतात. जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय झालेले हवेत. त्याहून महत्त्वाचं, अडचणीतल्या माणसांसोबत काम केल्याचा अनुभव हवा. इथली मुलं आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनवर रात्री बसतात, अपंग मुलांच्या शिबिरात जातात. तुला ते वर्ध्यातही करता येईल, आणि भारतात शिकलीस तरी उपयोगी पडेल. दोन वर्षांनी बोर्डाची परीक्षा, आणि तीसहून जास्त राज्यांत वेगळं लायसन.

खर्चाचं प्रामाणिकपणे सांगते. परदेशी विद्यार्थिनीला हे शिक्षण फार महाग पडतं, आणि नंतर व्हिसा देणारी नोकरी मिळेलच याची खात्री नाही. मोठमोठ्या तपासणी कंपन्यांनी काही वर्षं भरपूर कौन्सेलर घेतले, मग कमीही केले. एक मोठी कंपनी तर २०२४ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली आणि माझ्या ओळखीच्या दोघी एका सकाळी घरी बसल्या. वडिलांचं घर गहाण ठेवून यायचं असेल तर मी नको म्हणेन. भारतात शिकून, तीन-चार वर्षं काम करून मग बघ.

एक मात्र सांगते. परवा औरंगाबादकडचं एक जोडपं होतं, मुलगी इंजिनिअर, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसलेला. मी इंग्रजीत बोलत होते आणि ती मान हलवत होती. मी मराठीत म्हटलं, "थोडं थांबूया का?" आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. पुढचा तास आम्ही मराठीतच बोललो.

सातपुडा

मी धडगाव तालुक्यात, नंदुरबार जिल्ह्यात, सिकलसेलच्या कामात आहे. तपासणी करतो, घरोघर फिरतो. पदावर कौन्सेलर नाही, पण रोज तेच करावं लागतं, आणि नीट शिकवलेलं कोणी नसल्यामुळे आम्ही ते अर्धंमुर्धं करतो, म्हणून लिहितोय.

आपल्या राज्यात हा आजार दोन पट्ट्यांत दाट आहे. एक आमचा सातपुड्याचा, भिल्ल, पावरा समाजाचा. दुसरा विदर्भाचा: गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंड, माडिया, परधान आणि अनुसूचित जातींतले समाज. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं उद्दिष्ट आहे. तपासणी होतेही आहे. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, ट्यूबमधल्या द्रावणात टाकलं, गढूळ झालं की पुढच्या तपासणीला पाठवलं, कार्ड दिलं. पण कार्ड हातात दिल्यावर समोरचा विचारतो, "मला काय झालंय?" तिथे आम्ही अडकतो.

एएस म्हणजे फक्त वाहक, आजार नाही. तो माणूस शेतात राबतो, डोंगर चढतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. पण कार्ड मिळाल्यावर गावात 'सिकलसेलवाली' म्हणून नाव पडतं आणि मुलीचं लग्न मोडतं. पोराला एएस निघालं तर कोणी विचारत नाही. भिंतीवर आम्हीच रंगवलंय, कुंडली नको, सिकलसेल कार्ड जुळवा. इथे कुंडली कोण बघतं? आणि जिथे निम्मी वस्ती तीन-चार आडनावांची आहे तिथे दोन एएस एकमेकांना आवडणारच. त्यांना 'लग्न करू नका' एवढंच सांगून आपण निघून यायचं का? गरोदरपणात तपासणी होऊ शकते, बाळ एसएस निघालं तरी लवकर कळलं तर पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरिया यांनी त्याचं आयुष्य खूप सुधारतं, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार? मी मराठीत बोलतो, माझ्यासोबतची आशाताई ते पावरीत सांगते, आणि मला कळतं की ती माझ्या दहा वाक्यांचं एकच वाक्य करतेय. एकदा मी तिलाच विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, "रक्त जुळत नाही एवढंच सांगितलं." त्यात तिची चूक नाही, तिला कोणी शिकवलंच नाही.

मोठ्या शहरात एसी खोलीत हजारो रुपयांच्या तपासण्या समजावणाऱ्यांचीही गरज असेल. पण रानजाई, जिथे हा आजार आहे तिथे सांगणारं माणूस नाही. चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे, वर्ध्याहून जवळ. तिथे जाऊन एकदा बघ तरी.

अबोली

सातपुडा यांची पोस्ट मी दोनदा वाचली. त्यांनी जे लिहिलंय ते या व्यवसायाचं आपल्याकडचं खरं दुखणं आहे. काम तिकडे आहे आणि पगाराची पदं इकडे, पुण्या-मुंबईत.

पगार. मी अठ्ठावीस हजारांवर सुरुवात केली, पुण्यात खोलीभाडं देऊन फार काही उरत नव्हतं. पहिली तीन वर्षं घरच्यांना उत्तर देणं अवघड होतं. आता बरं चाललंय. पण तुझ्या बाबांची भीती खरी आहे, त्यांना खोटा दिलासा देऊ नकोस. सरकारी दवाखान्यांत या नावाची पदं फार कमी आहेत. नोकऱ्या चार ठिकाणी असतात: मोठी रुग्णालयं, वंध्यत्व उपचार केंद्रं, तपासणी करणाऱ्या लॅब आणि संशोधन प्रकल्प. मुंबईत परळच्या आयसीएमआरच्या संस्थांत, खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कॅन्सर जेनेटिक्समध्ये फार चांगलं काम चालतं. प्रकल्पावरच्या जागांच्या जाहिराती बघत जा, पगार बेताचा असतो पण शिकायला मिळतं.

लॅबची नोकरी लवकर मिळते. त्यात एक गोष्ट तपासून घे. मी एका ठिकाणी सात महिने होते, तिथे महिन्याला माझ्यामार्फत किती तपासण्या गेल्या याचा तक्ता भिंतीवर लागायचा. एका बाईंना तपासणीची गरज नाही असं मी सांगितलं आणि संध्याकाळी मला बोलावणं आलं. त्याच आठवड्यात सोडलं. टार्गेट असेल तर ती विक्रीची नोकरी आहे, तिचं नाव काहीही असो.

कायदाही समजून घे, आपल्या राज्यात तर नक्कीच. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, मग १९९४ चा केंद्राचा पीसीपीएनडीटी आला. त्यात 'जेनेटिक कौन्सेलिंग सेंटर' अशी वेगळी नोंदणी आहे, आणि ती प्रशिक्षित स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा मेडिकल जेनेटिसिस्ट यांच्या आधारे होते. म्हणजे गर्भाच्या तपासणीशी संबंधित काम तुला डॉक्टरांच्या सोबतीनंच करावं लागेल, बाहेर पाटी लावून एकटीनं नाही. अ‍ॅम्निओसेंटेसिससारख्या, गर्भाभोवतीचं पाणी सुईनं काढून करायच्या तपासणीआधी फॉर्म जी वर, बाईला समजणाऱ्या भाषेत, लेखी संमती. आणि गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायचं नाही. मोरपीस यांच्या मुलाचा आजार मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसतो. अशा घरातली बाई पुन्हा गरोदर राहते तेव्हा ती तुझ्या चेहऱ्याकडे कशी बघते ते तुला दिसेल. बाळाला आजार आहे की नाही एवढंच बोलायचं, बाकी चेहऱ्यावरही येऊ द्यायचं नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली, गर्भात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी रडत परत जातात.

सर्वांत कठीण काय, असं मला शिकाऊ मुली विचारतात. वाईट रिपोर्ट सांगणं कठीण आहेच. पण त्याहून कठीण म्हणजे 'अर्थ न लागलेला बदल' सांगणं. कॅन्सरच्या तपासणीत जनुकात बदल सापडतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे आज कोणालाच सांगता येत नाही. समोरची बाई विचारते, "म्हणजे आहे की नाही?" पैसे भरलेत, महिनाभर वाट पाहिलीय, आणि उत्तर 'आज कळत नाही' हे आहे. ते उत्तर तसंच द्यायचं. तिला बरं वाटावं म्हणून एका बाजूला झुकवायचं नाही.

आणि एक युक्ती देते, तुझ्या गावाकडे उपयोगी पडेल. आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, हे सांगितलं की लोक म्हणतात, "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली." हा समज शब्दांनी जात नाही. मी एक रुपयाची दोन नाणी घेते. प्रत्येकाच्या एका बाजूला टिकली लावते, एक नाणं आईचं, एक वडिलांचं. दोघांना आपापलं नाणं टाकायला सांगते. दोन्ही टिकल्या वर आल्या तर बाळ आजारी, एक वर आली तर वाहक, एकही नाही तर काहीच नाही. आठ-दहा वेळा टाकायला लावते. कधी लागोपाठ दोनदा दोन्ही टिकल्या वर येतात आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. नाण्याला मागचं काही आठवत नाही, हे मला सांगावंच लागत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे टिकल्या नव्हत्या, समोरच्या बाईनं पर्समधून आपलं पाकीट काढून दिलं.

पाटीपेन्सिल

एक बाप म्हणून लिहितो. बीएड आणि हे यात निवड करावीच लागेल असं नाही. अर्ज भरा, एक वर्ष प्रकल्पावर काम करून बघा, मग ठरवा. बाबांना हा धागा वाचायला द्या. मोरपीस ताईंची पोस्ट आधी.

रानजाई

खूप उशिरा लिहितेय, परीक्षा होती. सगळ्यांची उत्तरं वहीत उतरवून घेतली आहेत.

बाबांना धागा वाचून दाखवला. मोरपीस ताईंच्या पोस्टला ते उठून अंगणात गेले. मणिपालचा फॉर्म भरायला हो म्हणालेत. फीचं अजून ठरलेलं नाही, मामा मदत करतो म्हणतोय. सातपुडा दादा, चंद्रपूरला जाऊन आले. एका ताईंनी दोन तास सोबत बसू दिलं.

आणखी एक. अबोली ताई, तुम्ही लिहिलं तसं मी आमच्याच घराचं चित्र काढायला बसले, आजीला जवळ घेऊन. मावसभावाचा चौकोन काळा केला. मावशी आणि मावसाजी वाहक, म्हणून त्यांची आकृती अर्धी-अर्धी. मग वर आजी-आजोबा. दोघांपैकी एक जण तरी वाहक असणारच. आणि मग खाली येताना माझी पेन्सिल आईच्या गोलाजवळ थांबली. इतकी वर्षं मी मावशीचं दुःख म्हणून बघत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कॉलेजच्या शिबिरात तपासणी करून घेतली. मी एएस आहे.

घरी सांगितलं. आईचा पहिला प्रश्न, "आता लग्नाचं कसं करायचं?" मी रडणार होते, पण उठून दोन नाणी आणली. आईच्या पाकिटातल्या टिकल्या लावल्या. आधी तिला दोन टिकल्यांची नाणी टाकायला दिली. मग एका नाण्याची टिकली काढून टाकली आणि म्हटलं, आता टाक. वीस वेळा तरी टाकली असतील तिनं. दोन टिकल्या एकदाही आल्या नाहीत, येणारच नव्हत्या. मग ती म्हणाली, "म्हंजे पाव्हण्याचं नाणं पाहून घ्या लागते फक्त." आणि टिकली उचलून पाकिटाला परत चिकटवली.

अबोली

शाब्बास. आता आईंची आणि बाबांची तपासणी करून घे, दोघांचीही, फक्त आईंची नको. धाकटं भावंड असेल तर त्याला आधी विचार, शिबिरात नुसतं रांगेत उभं करू नकोस. आणि ते चित्र फाडू नकोस. मुलाखतीला जाताना सोबत ने, पण आजीला विचारून.